धाकट्यांच्या सावलीत

फ्रान्समधलं बोर्दो शहर मागे टाकून जिरोंद नदीच्या डाव्या काठाने उत्तरेला निघालं, की मार्गो, सँ-जुलियाँ, पोइयाक ही एरवी बाटल्यांवर वाचलेली नावं गावांच्या पाट्यांवर दिसू लागतात. पोइयाकच्या पुढचं गाव सँतेस्तेफ. इथे गोट्यांच्या जमिनीखाली चिकणमाती जास्त. ती थंड असते, ओल धरून ठेवते. द्राक्षं सावकाश पिकतात आणि त्यांची वाईन तरुणपणी कडक, तुरट लागते. या गावची बाटली घेणाऱ्याने वाट पाहायची तयारी ठेवायची, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

या गावात एका कुटुंबाची लहानशी बाग होती. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी १८५५ साली मेदोकच्या, म्हणजे या पट्ट्यातल्या, वाईनची जी प्रतवारी ठरली आणि जी आजही जवळपास तशीच चालते, तिच्यात या बागेचं नाव नव्हतं. ऐंशी ओलांडलेले आजोबा, कारभार हाती घेतलेली सत्तावीस वर्षांची नात आणि निफाडहून वर्षभर काम शिकायला आलेला एक मुलगा, अशी तीन माणसं घरात होती. मुलाच्या घरी खाण्याच्या द्राक्षांची बाग. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी बघत तो मोठा झालेला. वाईन मात्र त्याने इथे येण्याआधी फारशी चाखली नव्हती.

२०१७ चा एप्रिल होता. बोर्दोत एप्रिलच्या सुरुवातीला नव्या वाईनची चाखणी होते. जगभरचे व्यापारी आणि समीक्षक येतात आणि जेमतेम सहा महिन्यांची, पिंपात असलेली वाईन चाखून तिचा निकाल देतात. बाटलीत जायला तिला अजून वर्ष-दीड वर्ष असतं, पण भाव त्याच आठवड्यातल्या बोलण्यावरून ठरू लागतो. त्या वर्षी चाखणीला २०१६ ची वाईन होती आणि सगळे तिच्यावर खूश होते. तिच्या आधीची २०१५ देखील गाजलेली. त्या दोघींच्या आधीची २०१४ मात्र बाटल्यांत भरून, खोक्यांत बसून कोठारातली जागा अडवत होती.

आपल्याला वाटतं की वाईन म्हणजे खोल तळघर. मेदोकमध्ये जमिनीखाली पाणी लवकर लागतं, म्हणून बहुतेक कोठारं जमिनीवरच बांधलेली असतात आणि जागा मोजकी असते. पिंप २२५ लिटरचं. एका पिंपातून तीनशे बाटल्या निघतात. दोन वर्षांची पिंपं आणि वर एका वर्षाची खोकी, एवढं सगळं एका छपराखाली मावेना. नातीला झोप लागत नव्हती ती या हिशेबाने.

म्हणून तिने दलालाला बोलावलं. बोर्दोत बागवाला आणि व्यापारी यांच्यामध्ये दलाल असतो. त्याची दोन टक्के दलाली ठरलेली. हा दलाल त्यांच्या घरी वर्षानुवर्षं येणारा, सरळ माणूस. त्याने जेवणाच्या मेजावर तीन पेले मांडले. २०१४, २०१५, २०१६. तिन्ही चाखले, नातीलाही चाखायला लावले.

"बघ तू," तो म्हणाला. "सोळामध्ये काय नाही ते सांग. पंधरा कशी गोलसर आहे. आणि चौदा? आंबट, आवळलेली. शरदात सुपरमार्केटांचे वाईनचे मेळे भरतात, तिथे एक गिऱ्हाईक आहे. सगळीच्या सगळी उचलेल. भाव कमी आहे, पण रोख आहे."

नातीने पुन्हा चौदाचा घोट घेतला. तिलाही तसंच वाटलं. ईस्टर झाल्यावर कळवते, असं तिने सांगितलं.

इथे थोडं थांबून त्या तीन पेल्यांविषयी बोललं पाहिजे, कारण माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. पेढा खाऊन वर चहा घेतला की चहा अगोड लागतो आणि आपण करणाऱ्याला नावं ठेवतो. भरदार, पिकलेल्या फळाची वाईन जिभेवरून गेली, की तिच्या मागून किंवा पुढून येणारी शेलाटी वाईन हमखास रोडावलेली भासते. चाखणाऱ्याची जीभ त्या वेळी वाईनला विचारत असते, "तू हिच्यासारखी का नाहीस?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच वाईनपाशी नसतं. तरी जगभर वाईनची वर्षं अशीच शेजारी शेजारी मांडून तोलली जातात, शंभरपैकी गुण दिले जातात आणि ते आकडे तीस-तीस वर्षं त्या बाटल्यांची पाठ सोडत नाहीत.

आजोबा स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. गुड फ्रायडेच्या दिवशी ते बाटल्यांच्या खोलीत गेले, एका कोपऱ्यातून धुळीने माखलेली आडवी बाटली काढली आणि स्वयंपाकघरातल्या थंड कोपऱ्यात फडताळावर उभी करून ठेवली. दोन दिवस तिला कोणी हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं. जुन्या लाल वाईनमध्ये गाळ असतो. वर्षानुवर्षं आडव्या राहिलेल्या बाटलीच्या अंगाला तो चिकटलेला असतो आणि तो तळाशी बसायला वेळ द्यावा लागतो.

ईस्टरच्या रविवारी पोइयाकचं कोवळं कोकरू भाजलं होतं. आजोबांनी जेवणाआधी थोडाच वेळ बाटली घेतली. अंगावर चिठ्ठी होती, तिच्यावर फडकं गुंडाळलं. गळ्यावरचं टोपण कापलं तर बुचाच्या माथ्यावर काळी बुरशी. ती ओल्या कापडाने पुसली. जुनं बूच मऊ पडलेलं असतं, नेहमीचा स्क्रू घातला तर भुगा होऊन आत पडतं. त्यांनी दोन पात्यांचा चिमटा घेतला, पाती बुचाच्या दोन बाजूंनी हळूहळू खाली सरकवली आणि पिळत पिळत बूच अखंड बाहेर काढलं. मग मेणबत्ती पेटवून बाटलीचा गळा तिच्या उजेडासमोर धरला आणि काचेच्या सुरईत वाईन ओतू लागले. निफाडचा मुलगा श्वास रोखून बघत होता. बराच वेळ धार स्वच्छ होती. शेवटी गळ्याशी धुरासारखी एक रेघ आली. तिथे त्यांचा हात थांबला. तळाशी दोन बोटं वाईन तशीच सोडून दिली.

मेजावर प्रत्येकासमोर एकच पेला होता.

रंग मधोमध गडद विटकरी, कडेला फिकट होत होत नारिंगीकडे झुकलेला. तरुण लाल वाईनचा जांभळा कुठेच नव्हता. नातीने लगेच नाक घातलं आणि तोंड वाकडं केलं. वास कोंदट होता, बंद खोलीसारखा.

"गेली वाटतं, आजोबा."

"जेव आधी," ते म्हणाले.

दहा-बारा मिनिटं गेली. बोलणं कोकरावर, छाटणीवर, कोंब किती फुटले यावर चाललं होतं. मग आजोबांनी मुलाकडे पाहिलं. "तू सांग. काय येतंय?"

मुलगा संकोचला. "मला तुमच्याकडचे शब्द येत नाहीत. सीडर म्हणतात, ट्रफल म्हणतात, ते मी कधी हुंगलेलंच नाही."

"जे हुंगलंयस ते सांग."

त्याने डोळे मिटले. "तपकीर. माझे आजोबा ओढायचे, त्यांची डबी उघडल्यावर यायचा तो वास. आणि पेन्सिलीला टोक काढल्यावर जो येतो तो." थोडा थांबला. "पावसात भिजून वाळलेलं चामडं. शेताच्या बांधावरचा कुजका पाला. फळ आहे, पण ताजं नाही. काळ्या मनुका. गोड मात्र नाही."

एक घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला आणि गप्प राहिला. मग म्हणाला, "तुरट आहे, पण ओरबाडत नाही. आणि आंबटपणामुळे तोंडाला पुन्हा पाणी सुटतं. घोट संपला तरी चव जात नाहीये."

बोर्दोच्या जुन्या लाल वाईनचं वर्णन करणाऱ्या पोथ्या जे सांगतात, तंबाखू, देवदाराचं लाकूड, ग्रॅफाइट, चामडं, रानातली ओली जमीन, ते सगळं या मुलाने सांगितलं होतं. त्याला कोणत्या सालाचं किती नाव आहे हे ठाऊक नव्हतं, आणि ऐकीव माहितीचा अडथळा त्याच्या नाकाच्या वाटेत नव्हता. शिकलेल्या जिभेची मला किंमत आहे. वर्षानुवर्षं चाखून कमावलेलं ज्ञान फुकाचं नसतं. पण त्या ज्ञानासोबत निकालही पाठ झालेले असतात, आणि ते पाठांतर बाजूला ठेवणं हे चाखण्यापेक्षा अवघड काम आहे.

आता नातीनेही पुन्हा पेला उचलला. कोंदटपणा उडून गेला होता. ती हुंगत राहिली, घोट घेतला, परत हुंगलं. "शहाण्णव?" तिने विचारलं. आजोबांनी मान हलवली. "मग नव्वद. पण नव्वद इतकी थंड स्वभावाची कशी असेल?"

आजोबांनी फडकं सोडलं. चिठ्ठीवर १९८८ होतं.

नातीने हे साल घरात अभिमानाने घेतलेलं कधी ऐकलं नव्हतं. तिचा जन्म १९९० चा. तिच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ९० ची बाटली उघडली होती आणि तिच्याविषयी आजही गावात बोलतात. ८९ च्या गोष्टी तर तिने शंभरदा ऐकलेल्या. किती कडक उन्हाळा, १८९३ नंतरची सर्वांत लवकर झालेली तोडणी, काही बागांत ऑगस्ट संपायच्या आतच कात्र्या चालू. पाठोपाठ ९० चा तसाच तापलेला उन्हाळा आणि घसघशीत पीक.

"८८ त्या दोघींची थोरली," आजोबा सांगू लागले. "त्या वर्षी उन्हाळा कोरडा होता, पण तापला नाही. काबर्नेची द्राक्षं पिकेनात. ऑक्टोबर उजाडला तरी आम्ही वाट बघत होतो. वाईन झाली ती अशी कडक की मलाच पिववेना. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, बरी आहे, जुन्या वळणाची आहे. मग ८९ आली आणि कोणी तिच्याकडे बघेना. मग ९० आली. तेव्हाचा दलाल याच मेजावर तीन पेले मांडून बसला होता."

"आणि तुम्ही?"

"मी विकली. मिळेल त्या भावाला विकली. तुझी आजी आडवी आली म्हणून एका पिंपाच्या बाटल्या राहिल्या. तिचं म्हणणं, जी वाईन इतकी हट्टी आहे तिच्या पोटात काहीतरी असणार."

हट्टी वाईनच्या पोटात काय असतं, हे आज रसायनशास्त्र बरंच सांगू शकतं. तुरटपणा टॅनिनचा. तो द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि थोडा ओकच्या पिंपातून येतो. बाटलीत वर्षं सरतात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, जड होतात आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून रंग उतरतो आणि तुरटपणा निवळतो. पण नुसत्या टॅनिनवर काही निभावत नाही. आंबटपणा हवा, तो वाईनला ताजं ठेवतो. आणि फळ हवं. टॅनिन निवळेपर्यंत फळ टिकलं नाही, तर वीस वर्षांनी बाटलीत उरतं ते आंबट पाणी.

नातीने नेमका तोच प्रश्न विचारला. "म्हणजे दुर्लक्षित राहिलेलं प्रत्येक साल चांगलंच असतं?"

"छे!" आजोबा म्हणाले. "९२ च्या बाटल्या पण आहेत त्या खोलीत. त्या वर्षी पाऊस पाऊस झाला, द्राक्षांत पाणी भरलं. लोकांनी नावं ठेवली ती बरोबरच ठेवली. मी ती रश्शात घालतो. गाजलं नाही म्हणून चांगलं, असं म्हणणारा माणूसही पेला न चाखताच बोलतो."

"मग ८८ ही ९० पेक्षा चांगली?"

आजोबांनी पेला खाली ठेवला. "पोरी, हा प्रश्न दलालाचा आहे. त्याला भाव ठरवायचा असतो, त्याने तो विचारावा. तुझ्या वाढदिवसाला ९० प्यायलो, तेव्हा मला ८८ आठवली नाही. आज ही पितोय, तर ९० कशाला आठवू?"

जेवण बराच वेळ चाललं. सुरईत शेवटचा घोट उरला तो मुलाला दिला. अडीच तास झाले होते आणि वाईन आता दमत चालली होती. वास मंद झाला, आंबटपणा पुढे आला. इतक्या जुन्या वाईनला हवा लागली की ती फुलते आणि मग लवकरच मिटते. तेवढ्या दोन-अडीच तासांसाठी तिने अठ्ठावीस वर्षं अंधारात काढलेली असतात. आणि तिच्यासाठी कोणीतरी तेवढी वर्षं ती जागा आणि ते पैसे अडकवून ठेवलेले असतात. या दुसऱ्या गोष्टीची मोजदाद समीक्षकांच्या गुणांत कुठेच होत नाही. मला विचाराल, तर त्या बाटलीतलं अर्धं श्रेय त्या आजीचं आहे.

त्या संध्याकाळी नात एकटी कोठारात गेली आणि २०१४ ची एक बाटली घेऊन आली. पंधरा नाही, सोळा नाही. ही वाईन आपण आजवर कधी एकटी चाखलेलीच नाही, हे तिच्या त्या वेळी लक्षात आलं. चाखली ती प्रत्येक वेळी रांगेतली पहिली म्हणून. तिने पेला भरून ठेवला आणि त्या वर्षाचं टिपणवहीतलं पान काढलं. थंड, ढगाळ जुलै आणि ऑगस्ट. सगळ्यांनी आशा सोडलेली. मग सप्टेंबरपासून ऊन पडलं ते ऑक्टोबरपर्यंत हटलं नाही, आणि त्याचा सर्वांत जास्त फायदा झाला तो मेदोकच्या या उत्तरेकडच्या गावांना. तिच्याच हस्ताक्षरात होतं सगळं. वाईन आवळलेली होती खरी. पण तासाभराने त्या आवळलेपणाच्या आतून काळं, टणक, ताजं फळ लागलं. उरलेली बाटली तिने बूच लावून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी चाखली. ती पहिल्या दिवसापेक्षा मोकळी झाली होती. हवा लागल्यावर कोसळत नाही आणि उलट उघडते, त्या वाईनमध्ये दम असतो. बागवाल्यांची ही जुनी कसोटी आहे.

तिने दलालाला फोन केला. एक तृतीयांश देते, बाकीची राहू दे. दलालाने तिला परोपरीने समजावलं, भाडं आणि व्याज मोजून दाखवलं. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. नातीने गावातच एक रिकामं गोदाम भाड्याने घेतलं आणि खोकी तिकडे हलवली.

त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, हिमदव पडलं. बोर्दोने १९९१ नंतर असं दव पाहिलं नव्हतं. रात्री पारा शून्याखाली उतरला आणि नुकते फुटलेले कोंब उघड्यावर होते. गावोगाव लोकांनी बागांत मेणाचे डबे पेटवले, ओलं गवत जाळून धूर केला, काही ठिकाणी हेलिकॉप्टरही फिरवली. निफाडचा मुलगा त्या रात्री सर्वांच्या पुढे होता. थंडीची लाट आली की त्याच्या गावी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक चालू करतात. धूर कुठल्या दिशेने धरायचा हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. नदीच्या बाजूचे तुकडे पाण्याच्या उबेने वाचले. नदीपासून लांबचे दोन तुकडे सकाळी काळे पडलेले होते. सबंध बोर्दोचं उत्पादन त्या वर्षी आदल्या वर्षापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घटलं.

पुढची दोन वर्षं त्या घराने विकली ती बरीचशी २०१४. ती घराच्या कामी आली हे खरं. पण हिमदव पडलं नसतं, तरी नातीचा निर्णय तितकाच बरोबर ठरला असता. तो तिने हवामान बघून घेतला नव्हता, पेला चाखून घेतला होता.

बोर्दोची २०१४ आजही साधारणपणे २०१५ आणि २०१६ पेक्षा कमी दरात मिळते. परदेशी जाणंयेणं असेल आणि कुठे दिसली, तर मेदोकच्या उत्तरेकडची एखादी जरूर घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका, बारा ते पंधरा अंशांची जागा मिळत नसेल तर लवकर पिऊन टाका. नाशिकच्या वाईनरीतून घेतलेल्या चांगल्या लाल वाईनलाही हेच लागू आहे. बाटलीवरचं साल वाचा, त्या साली पाऊस कसा होता हे बनवणाऱ्याला विचारा. आणि ज्या दिवशी ती उघडाल त्या दिवशी मेजावर दुसरी लाल वाईन ठेवू नका.